चोवीस कोंबड्यांचं मशीन

मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून आक्का मला म्हणाली, "मला कोंबड्या भाजायचं मशीन घ्यायचं हाय. तू चौकशी कर."

मला वाटलं थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती. तिनं तुटलेला धागा गाठ मारून जोडला, माग परत सुरू केला आणि म्हणाली, "काचेचं असतंय बघ. आत सळ्या फिरत्यात."

वडगावात आमच्या घराच्या मागच्या अंगाला, यळ्ळूरच्या रस्त्याकडं तोंड करून एक शेड आहे. त्यात चार माग. वडील गेल्यापासून ते आक्का आणि दाजी चालवत होते, आणि दाजींनी मच्छेच्या कारखान्यात नोकरी धरल्यापासून आक्का एकटीच. साड्यांना गिऱ्हाईक नाही असं नव्हतं. गिऱ्हाईक होतं, पण ते सुरतेची साडी हातात धरून आमच्या साडीचा भाव करायचं. आक्का एका लग्नाला कोल्हापूरकडं गेली होती, तेव्हा हायवेवरच्या हॉटेलात तिनं ते मशीन पाहिलं. बाकीचे जेवत असताना ही काचेसमोर उभी. घरी आल्यावर तिनं सांगितलेलं कारण मी विसरणार नाही. म्हणाली, "दिवसभर फिरतंय आणि एक धागा तुटत न्हाय."

मी शहरातल्या एका छापखान्यात अक्षरजुळणीचं काम करतो. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील विणकरांच्या सभांची पत्रकं लिहायचे, उरलेले गठ्ठे पलंगाखाली पडलेले असायचे, आणि मी शाळेत जायच्या आधी त्यांच्यावरूनच वाचायला शिकलो. म्हणून माझी सवय अशी की कुठलीही गोष्ट साधी सांगता येत नाही. तिचा निषेध तरी करावा लागतो, नाहीतर आवाहन तरी. गेल्या वर्षी मी एक पत्रक स्वतः लिहून स्वतः वाटलं होतं. त्याचा मथळा होता, 'माग मोडीत घालू नका'. शहापूर आणि वडगावच्या गल्ल्यांत दारादारांत सरकवलं होतं. आणि आता माझ्याच घरात आक्का म्हणत होती की रस्त्याकडचे दोन माग भंगारात घालून तिथं कोंबड्यांचं दुकान काढायचं.

मी तिला पत्रकाची आठवण करून दिली.

"लिवलास ते बरोबरच हाय," ती म्हणाली. "पण सुतवाल्याला तुझं पत्रक दिलं तर घेईल काय त्यो?"

मी दोन दिवस धुमसलो. तिसऱ्या दिवशी चौकशीला लागलो, पण दोन अटी घालून. एक, शेडचं मीटर मागासाठी सवलतीचं आहे, त्या विजेवर कोंबडी फिरवायची नाही. मशीन गॅसवरचं घ्यायचं आणि दुकानाला वेगळं मीटर. दोन, परदेशी मशीन घ्यायचं नाही.

"बरं, आप्पा," आक्का म्हणाली. आमच्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. मी भाषण द्यायला लागलो की ती मला आप्पा म्हणते.

खरं सांगायचं तर दुसरी अट मी आधीच ठरवली होती आणि कारणं नंतर शोधली. पण कारणं सापडली. शहरातल्या एका दुकानात बाहेरून आलेली मशिनं होती. दिसायला सुरेख, आतला दिवासुद्धा कोंबडीला सोनेरी रंग येईल असा. दुकानदार फोनवर कन्नडमध्ये कुणाशी तरी दरावरून हुज्जत घालत होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं, मोटर जळली तर? म्हणाला, चेन्नईहून मागवू. किती दिवस लागतील? त्यानं हात हवेत फिरवला. काच फुटली तर? पुन्हा तोच हात. सळ्यांचं स्टील कुठल्या नंबरचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी खिशातून लोहचुंबक काढून लावलं, चिकटलं नाही, आणि मी विजयी मुद्रेनं म्हणालो की हे तरी ठीक आहे. पुढं मच्छेच्या मिस्त्रीनं मला सांगितलं की हलकं स्टीलसुद्धा चुंबकाला चिकटत नाही. खात्री हवी तर पत्र्याच्या कारखान्याचं बिल मागायचं. तोपर्यंत मी चुंबकाच्या भरवशावर तीन दुकानदारांना ऐकवून आलो होतो.

हा मिस्त्री दाजींच्या ओळखीचा. मच्छेत एका गाळ्यात त्याचं वर्कशॉप. हॉटेलांची ओटे-भट्ट्यांची कामं करायचा आणि अलीकडं ग्रिल चिकनची मशिनं. त्यानं स्टीलचं बिल न मागता दाखवलं. मोटर कुठली, साखळी कुठली, दोन्ही शहरात मिळतात हे सांगितलं. बर्नर मागं आहेत, खाली नाहीत, म्हणजे चरबी ज्योतीवर गळत नाही, धूर कमी होतो, हे वाकून दाखवलं. मला तो माणूस आवडला. त्याच्या हाताखाली आसपासच्या गावांतली चार-पाच माणसं काम करत होती. मला वाटलं, मी शोधत होतो ती जागा हीच. आपल्या माणसानं बनवलेलं, आपल्या माणसानं दुरुस्त करायचं.

आणि तिथंच मी घसरलो.

मिस्त्रीकडं दोन मापं होती, आठ कोंबड्यांचं आणि चोवीस कोंबड्यांचं. आक्काच्या मनात आठाचं होतं. मी चोवीसच्या बाजूनं उभा राहिलो. त्याआधीच्या दोन रविवारी मी टिळकवाडीतल्या दोन दुकानांसमोर संध्याकाळी उभा राहून पाहणी केली होती. लोक रांगेत थांबत होते. कॉलेजची पोरं, नोकरीवरून परतणारे, तळलेलं नको म्हणणारे मधुमेहवाले. मी आक्काला सांगितलं, बाजार वाढतोय. लोकांना तेल नकोय, भाजलेलं हवंय. उद्या घरपोच देणारे येतील, लग्नाच्या ऑर्डरी येतील. अर्धवट काही करायचं नाही. करायचं तर पूर्ण.

पूर्ण म्हणजे काय, ते मिस्त्रीनं फुटपट्टी लावून सांगितलं. चोवीसचं मशीन, वरचं धुराडं, पुढं ओटा, कोंबडी धुवायला मागं मोरी. सगळी शेड लागेल. म्हणजे चारही माग जातील.

'माग मोडीत घालू नका' लिहिणारा मी, दोन जात होते तिथं चार घालायला सांगत होतो. हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण मी स्वतःला असं समजावलं की मोडायचं तर ताठ मानेनं मोडावं, दोन माग ठेवून रडत बसण्यात काय अर्थ. असली वाक्यं मला फार लवकर सुचतात.

आणि आक्काला ते पटलं, ते माझ्या वाक्यांमुळं नाही. विणकराच्या डोक्यानं पटलं. एक माणूस एक माग चालवतो आणि चारही चालवतो. हात तेवढेच लागतात. "येवढीच आग, येवढीच मेहनत," ती म्हणाली. "मग चोवीसच फिरू देत की."

मिस्त्रीला विसार दिला. भंगारवाल्याला बुधवारी सकाळी दहाला यायला सांगितलं. चारही माग.

मिस्त्री मात्र भला. म्हणाला, "आक्का, निपाणीत माझी दोन मशिनं एकाच्या दुकानात चालत्यात. आठाची. एक दिवस जाऊन हातानं चालवून बघा. मी फोन करतो."

मंगळवारी आम्ही दोघं निपाणीला गेलो. दुकानदार साठीचा, पूर्वी तंबाखूच्या वखारीत कामाला होता. हायवेला लागून त्याचं छोटं दुकान, दोन मशिनं शेजारी शेजारी. त्यानं आक्काला साखळीत तेल कुठलं घालायचं ते दाखवलं, सळईत कोंबडी कशी ओवायची ते दाखवलं. पाय बांधले नाहीत तर फिरताना उघडतात. आक्काचे हात बघून म्हणाला, "ह्या हातानी काम केल्यात."

अकराच्या सुमाराला त्याला चिकोडीला एका बारशाला जायचं होतं. "मसाला लावून ठेवा," तो म्हणाला. "चारच्या पुढं एक मशीन लावा. मी पाचला येतोच." आणि गेला.

बारापर्यंत मसाला लावून झाला. सोळा कोंबड्या. दुकानात शांत. बाहेर ट्रक जात होते. आक्का एका स्टुलावर बसली, उठली, काच पुसली, परत बसली. मी तिला ओळखतो. आमच्या घरात माग थांबला की माणसं बोलायची थांबतात, कुणीतरी उठून बघायला जातं. वीज गेली की अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहते. थांबलेलं यंत्र म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढंच आम्हाला लहानपणापासून माहीत.

"चारपर्यंत असंच बसवून ठेवायचं व्हय मशीन?" ती म्हणाली.

"त्यांनी तसं सांगितलंय."

"त्यांचं काय, त्यांची सवय. मशीन भाड्याच्या जागेत उभं हाय, आणि आपण तोंड बघत बसायचं?"

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "उत्पादन थांबलं की तोटा सुरू होतो." हे वाक्य मी एका पत्रकात वापरलेलं होतं.

साडेबाराला तिनं दोन्ही मशिनं लावली. सोळाच्या सोळा कोंबड्या चढवल्या. सळ्या फिरायला लागल्या आणि तिचा चेहरा मोकळा झाला. तिनं पदर खोचला. मधूनमधून कान लावून मोटर ऐकायची. "डावीकडची गिअर जरा घासतीया," म्हणाली, आणि तिचं खरं होतं, नंतर दुकानदारानंच ते कबूल केलं.

दोनच्या आसपास कोंबड्या तयार झाल्या. रंग असा की बघत राहावं. गिऱ्हाईक नव्हतं. एक ट्रक थांबला, ड्रायव्हर आणि क्लीनरनं मिळून एक घेतली. आक्कानं आच बारीक केली पण मशीन थांबवलं नाही. मीही सांगितलं नाही. तीन वाजले. साडेतीन. कोंबड्या फिरत होत्या. आधी चकाकत्या होत्या, मग निस्तेज झाल्या, मग पायांकडून आकसल्या. खालच्या ताटात चरबी साठली होती, म्हणजे कोंबडीत काही उरलं नव्हतं. मी एक चिरून बघितली. छातीचं मांस दोऱ्यासारखं सुटलं आणि तोंडात टाकल्यावर पाणी मागायला लागलं.

"आता बंद करूया," मी म्हणालो.

"आच कमीच हाय की," ती म्हणाली. पण आवाज उतरला होता.

पाचला दुकानदार आला. बारशाची पिशवी खाली ठेवली, काचेजवळ गेला, वाकून बघितलं. मग दोन्ही मशिनं एकामागोमाग बंद केली. त्या शांततेत मला आक्काच्या तोंडाकडं बघवेना.

"कवा लावलासा?"

"साडेबाराला."

तो रागावेल असं वाटलं होतं. तो हसायलाच लागला, आणि ते जास्त लागलं. "आक्का, ही कोंबडी हाय, लुगडं न्हवं. लुगडं आठ दिस मागावर ऱ्हायलं तरी वाळत न्हाय."

मी मध्ये पडलो. गिऱ्हाईक आलं असतं तर या खपल्या असत्या, आमच्या भागात रांगा लागतात, मी स्वतः पाहणी केलीय.

"कवा केलासा पाहणी?"

"दोन रविवार."

"रविवारी!" त्यानं कपाळाला हात लावला. "रविवारी दगड भाजून ठेवला तरी खपतोय, बाबा. सोमवारी ये, गुरुवारी ये. एकादशीला ये. आणि श्रावण दीड महिन्यावर आलाय. चोवीसचं मशीन घेऊन काय महिनाभर त्याला हार घालून ठेवनार?"

आक्का म्हणाली, "मग धंदा न्हाय म्हणता?"

"हाय की. नसता तर मी कशाला बसलो असतो हितं? वाढतोयबी. पण त्यो संध्याकाळच्या तीन तासांचा हाय. त्या तीन तासांत ताजी पायजे, समोर फिरताना दिसली पायजे. बाकीच्या वेळंला मशीन थंड. आठाची दोन घेटली ती का? गिऱ्हाईक नसंल तर एक बंद. एक बिघडलं तर दुसरं चालू. चोवीसच्यात चार कोंबड्या फिरवा, गॅस चोवीसचाच जातोय. आणि लोकांस्नी रिकाम्या सळ्या दिसल्या की वाटतंय, हितं कुणी येत न्हाय."

ही बाजाराची माहिती मला दोन महिन्यांत मिळाली नव्हती. मी स्टीलचे नंबर लिहून घेतले, गॅसच्या नळीची जाडी लिहून घेतली, दुकान कुठल्या वारी भरतं हे लिहायचं राहिलं. आमच्या स्वतःच्या घरात सोमवारी आणि गुरुवारी चुलीवर काय असतं, हे तरी मला माहीत होतं ना?

उरलेल्या कोंबड्यांचे पैसे आक्कानं देऊ केले. त्यानं अर्ध्यांचेच घेतले. वाळक्या कोंबड्या पिशवीत घालून आम्ही बस धरली. बसमध्ये त्यांचा वास सुटला होता. संकेश्वर मागं पडेपर्यंत आक्का खिडकीबाहेर बघत होती.

"भंगारवाला उद्या येणार न्हवं?"

"दहाला."

"मग त्याच्या आधी मच्छेला जाऊया. आठाचं सांगूया. दोनच माग द्यायचे."

मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी वाद घातला. म्हणालो, एका दुपारीत घाबरून जायचं का. विसार दिलाय, शब्द दिलाय. आता दोन पावलं मागं येणं म्हणजे धरसोड.

ती माझ्याकडं वळली. बसमध्ये माणसं होती म्हणून आवाज बारीक ठेवला, पण दात आवळून बोलली. "तुला सगळं पायजे, न्हाय तर कायच नको. माग वाचवायचे तर सगळे, मोडायचे तर सगळे. मला रोज सकाळी उठून कायतरी चालवायचं हाय रं. त्या कोंबड्या संध्याकाळी तीन तास. मग दिवसभर मी काय करू, तुझं भाषण ऐकू?"

काकती येईपर्यंत मी वाळक्या कोंबड्यांची पिशवी मांडीवर धरून बसलो. मला राग तिचा आला नव्हता. मी तिला दोन्ही वेळा चूक सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तितक्याच जोरानं. आधी दोन माग मोडायला विरोध केला, मग चार मोडायला लावले. दोन्ही वेळा वाक्यं चांगली होती. तिचं पोट त्या वाक्यांवर अवलंबून राहणार होतं, माझं नाही. मला दर महिन्याला छापखान्यातून पगार मिळतो.

सकाळी आठला आम्ही मच्छेत. मशीनच्या आवाजात मिस्त्रीला ऐकू गेलं नाही, जवळ जाऊन हाका मारल्या. त्यानं बाजूचे दोन पत्रे कापले होते.

"काल सांगायचं न्हाय व्हय?" तो म्हणाला.

"काल मला कळलं न्हवतं," आक्का म्हणाली.

मी नियमांचं काहीतरी बोलायला गेलो, ग्राहकाचा हक्क वगैरे. आक्कानं हातानंच मला थांबवलं. ती मिस्त्रीशी पत्र्याजवळ बसून बोलली. मोठ्या पत्र्यातून आठाच्या बाजू निघतात, उरलेल्या तुकड्यांतून ताट आणि ओट्याचा काठ. वाया जाईल ते तिनं मान्य केलं. मिस्त्री कुरकुरला, मग खडू घेऊन नवीन माप आखायला लागला. "आणि धंदा वाढला तर?" त्यानं विचारलं.

"तर दुसरं आठाचं करून घेईन."

"कधी देऊ?"

"श्रावण झाल्यावर. मला घाई न्हाय."

घाई मला होती. मला तेव्हाही वाटत होतं की लगेच काहीतरी करावं, कुणालातरी जाब विचारावा, चूक दुरुस्त झाल्याचं निदान लिहून तरी काढावं. परत येताना मी रिक्षात बसूनसुद्धा पाय हलवत होतो.

भंगारवाला आमच्या आधी येऊन थांबला होता, टेम्पो शेडला लावून. समोरच्या घरातला विणकर दारात उभा. तो मला म्हणाला, "काय रं, पत्रकवाल्याच्या दारात भंगाराची गाडी? का नवीन पत्रक वाटायला आणलीस?"

खरं उत्तर त्याला द्यायला हवं होतं, की त्या पत्रकात माग वाचवा एवढंच लिहिलं होतं, कसे वाचवायचे ते मला माहीत नव्हतं. मी खाली बघून शेडमध्ये गेलो.

भंगारवाला दोनच माग ऐकून चिडला. चारांच्या हिशोबानं टेम्पो आणला म्हणाला. आक्का म्हणाली, "न्यायचे तर दोन न्या, न्हायतर रिकामी गाडी न्या." त्यानं थोडा वेळ तोंड वाकडं केलं आणि पाना बाहेर काढला. दोन माग सुटे व्हायला दुपार झाली. मी, दाजी आणि भंगारवाल्याची दोन माणसं बिडाचे तुकडे उचलत होतो. दाजींनी त्यासाठी सुट्टी घेतली होती, आणि दिवसभरात ते एकच वाक्य बोलले, "हळू, पाय सांभाळ."

संध्याकाळी गवंडी आला. मागाचं सूत आणि कोंबडीचा धूर एका खोलीत चालणार नव्हता, म्हणून मधे भिंत घालायची होती. मिस्त्रीनं दिलेलं माप माझ्या हातात होतं. मशीनला किती, ओट्याला किती, मागं माणूस उभं राहायला किती. मी टेप धरला, गवंड्यानं दोरी त्या मापावर ताणली.

आक्का मागांच्या बाजूला उभी होती. तिनं दोन मागांच्या मधून चालून बघितलं, एकदा इकडून, एकदा तिकडून, सुताच्या कांड्यांची टोपली काखेत धरून.

"दोरी हातभर तिकडं सरकवा," ती म्हणाली.

"मग ओटा बसणार नाही," मी म्हणालो. "मापात आहे ते."

"ओटा लहान करायला सांगतो मिस्त्रीला. हितं मला रोज चालायचं हाय."

"सांगते," दाजींनी हसून तिला दुरुस्त केलं. दमली की ती आमच्या वडिलांसारखं बोलते. ती हसली नाही. गवंड्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि दोरी हातभर तिकडं सरकवली.